मदत हवी आहे: नाटकातल्या राणीला आरमार कसं वळवता येईल?

मंडळी, नमस्कार. मी देसाईगंजकडचा. मंडईच्या जत्रेसाठी आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं नाटक लिहून राहिलो. काल्पनिक बेटांचं राज्य, नवरा गेलेला, पोरगा लहान, अन् राणी तलवार कमरेला लावून गादी सांभाळते. राजाराम महाराजांमागे 1700 मध्ये ताराबाईंनी कारभार हाती घेतला, तो धागा डोक्यात आहे.

गाडी अडली ती आरमारापाशी. सरखेल, म्हणजे आरमाराचा प्रमुख, बंदरात येतो, पण गुराबेवरून, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजावरून, खालीच उतरत नाही. मुजरा हवा तर बाईसाहेबांनी फळी चढून वर यावं, म्हणतो. चढली तर मान गेला, नाही चढली तर आरमार गेलं. तलवारबाजीचं टेन्शन नाही, त्याला शिट्ट्या पडतेच. हा पेच जमला पाहिजे.

वारा पडला की वल्ह्यांची गलबतं मोठ्या गुराबांना ओढून नेत, असं वाचलं. मग राणीनं आधी वल्हेकरीच फोडले तर सरखेल अडकेल का? की तो नुसता वाऱ्याची वाट पाहत बसेल?

आमच्याकडं पाणी म्हणजे वैनगंगा अन् डोंगा. कोकणातल्या कोणी तांडेलाच्या (जहाजावरच्या खलाशांच्या म्होरक्याच्या) तोंडचे चार हुकूमही सांगितले तर तालमीआधी प्रवेश पुरा करतो.