कॉन्ट्रास्ट म्हणजे नुसता विरोध का?

खडूपेन्सिल: लेकीला चित्रकलेच्या क्लासला सांगितलं की कॉन्ट्रास्ट हवा, आणि मराठीच्या तासाला विरोधाभास शिकवतायत, ती विचारते दोन्ही एकच का, मला नीट सांगताच येईना. कुणी सोपं करून सांगेल का?

काठपदर: एकच नाही हो. विरोधाभासात विरोध फक्त वरवर वाटतो, आत अर्थ जुळतो. कॉन्ट्रास्टमध्ये फरक खराच असतो, शेजारी ठेवला की उठून दिसतो. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा, यात सोनं नसतं तर कथलाकडे बघितलं कुणी असतं? रंगांचंही तेच. पॅरिसच्या गोबेलाँ या विणकामाच्या कारखान्यात काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार होती, शेव्रल नावाच्या केमिस्टने शोधलं की दोष रंगात नाही, शेजारच्या रंगात आहे. हे १८३९ च्या आधीचं. साडीच्या दुकानात तोच काठ वेगळ्या रंगाच्या साडीवर धरून बघा, पटेल.

मधलीसुट्टी: +१. वारलीत तर गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा, बास. पांढऱ्या भिंतीवर काढा ना तेच, दिसेल का काही 😄

जोडाक्षर: भाषेत अजून एक आहे. जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे जगणेतला, लिहायला सेम पण ज वेगळा. त्या एका आवाजाच्या फरकावर अर्थ बदलतो, भाषाशास्त्रात यालाही कॉन्ट्रास्टच म्हणतात.

खडूपेन्सिल: जग वालं मोठ्याने म्हणून बघितलं, खरंच की! लेकीला साडीचं दाखवते आज.