मनालीत उणे २, मग ३,४०० मीटरवर किती? बर्फातला रोजचा अंदाज वाचायचा कसा

फोंड्याचे_पाच
नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटी आम्ही पाच जण मनालीजवळच्या सोलंगच्या वरच्या अंगाला जाणार आहोत. गाईड तिथलाच आहे. पायात स्नोशू (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी), तीन रात्री तंबूत, जास्तीत जास्त उंची ३,४०० मीटर. सह्याद्रीतल्या वाटा सगळ्यांच्या पायाखालच्या आहेत, बर्फ मात्र कोणाच्याच नाही. फोनवरचं ॲप मनालीचा अंदाज देतं, तो आमच्या कॅम्पला कसा लावायचा? सकाळी निघण्याआधी नेमकं काय बघायचं? आणि हिमस्खलनाच्या सूचनेत 'पातळी ३' असेल तर पाचांपैकी तीन म्हणजे मधलं, जायला हरकत नाही, असं धरायचं का?

मळभ
गोव्यात हवामानाचा आकडा कुठल्या उंचीचा हे कोणी विचारत नाही. पणजी काय नि काणकोण काय, सगळं समुद्राच्या हाताशी. तिकडे तोच पहिला प्रश्न.

मनाली सुमारे २,०५० मीटरवर. तुमचं वरचं टोक त्याहून १,३५० मीटर उंच. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात, म्हणजे खाली उणे २ असेल तर वर उणे ११ च्या आसपास. बर्फ पडत असताना हवा दमट असते, तेव्हा हा फरक थोडा कमी होतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गणित उलटंही होतं: थंड हवा खाली साचते आणि दरीतला तंबू वरच्या सोंडेपेक्षा जास्त गारठतो.

आता ॲपची गोम. संगणकी मॉडेल डोंगर चौकोनांत कापून प्रत्येक चौकोनाला एकच सरासरी उंची देतं. तुम्ही टोचलेली जागा ३,४०० ची असली तरी मॉडेल तिला २,९०० ची समजत असेल. बऱ्याच ॲपमध्ये आलेखाच्या कडेला ती उंची लिहिलेली असते. ती बघा आणि फरक तिथून मोजा.

वारा जमिनीलगतचा बघू नका, दरीत तो फसवा असतो. ॲपमध्ये वरच्या हवेचा वारा उंचीऐवजी हवेच्या दाबाने निवडायचा असतो: ७०० हेक्टोपास्कल म्हणजे साधारण ३,००० मीटर, ६०० म्हणजे ४,२००. तुम्हाला या दोन पातळ्या पुरतात. उणे ११ ला ताशी ४० किमी वारा असेल तर उघड्या कातडीला उणे २२ वाटतं. अशा हवेत हातमोजे काढून फोटो काढणं चालणार नाही.

बर्फाच्या आकड्यात सेंटिमीटर आणि मिलिमीटरचा घोळ नेहमीचा. १० मिमी पाणी म्हणजे ढोबळमानाने १० सेंमी ताजा बर्फ, कडक थंडीत १५ सेंमीसुद्धा. आणि नकाशावरची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असेल तर साडेपाच तास मिळवा. एवढं विसरल्यामुळे दुपारचा बर्फ सकाळचा समजून लोक मुक्काम करून बसतात.

नाळवाट
मळभ यांनी आकाश सांगितलं. पण माणसं गाडली जातात ती जमिनीवरच्या बर्फामुळे, आणि बर्‍याचदा वादळ सरल्यावरच्या निळ्याशार सकाळी.

हिवाळ्यात तिकडचा बर्फ वेस्टर्न डिस्टर्बन्स, म्हणजे पश्चिमेकडून येणारी वादळी हवा, आणतात. वारा बहुतेक नैर्ऋत्य-पश्चिमेकडून, त्यामुळे भुसभुशीत बर्फ धारेवरून उडून आडोशाच्या बाजूला, म्हणजे उत्तर आणि पूर्वेच्या उतारांवर रचला जातो. ताशी २५-३० किमी वारा त्याला पुरतो. आकाशातून २० सेंमी पडला तरी आडोशाला त्याच्या दुप्पट-तिप्पट जाड थर बसतो. वर टणक, खाली पोकळ. त्यावर पाय पडला की अख्खी लादी सुटते. धारेवरून पांढरा धूर निघताना दिसला तर लाद्या आत्ता तयार होत आहेत असं समजा. कॉर्निस (धारेवरून पुढे झुकलेलं बर्फाचं छज्जं) ज्या बाजूला झुकलाय ती बाजू भरलेली.

दुसरी गोष्ट दिसत नाही. डिसेंबरचा पातळ बर्फ नंतर आठवडाभर निरभ्र थंडीत राहिला की तळाशी साखरेसारखे सुटे दाणे होतात. जमीन शून्याच्या जवळ, पृष्ठभाग उणे १५, आणि थर पातळ. दर १० सेंमीला एक अंशाहून जास्त फरक पडला की दाणे एकमेकांना धरत नाहीत. नंतर त्यावर मोठा बर्फ पडतो, आणि ही कमजोरी कित्येक आठवडे तशीच राहते. म्हणून निघायच्या दिवसाचाच नाही, आधीच्या दोन आठवड्यांचा हवामानाचा हिशेब लिहून ठेवा. गाईडला पहिला प्रश्न हाच विचारा: तळाला काय आहे?

सकाळी तंबूबाहेर मोजपट्टी लावलेली फळी ठेवा. २४ तासांत ३० सेंमी किंवा तासाला २-३ सेंमी असेल तर त्या दिवशी तीव्र उतार बंद. चालताना पायाखालून 'धप्प' असा आवाज आला, भेगा धावल्या, किंवा शेजारच्या उतारावर ताजं स्खलन दिसलं, तर चर्चा न करता आल्या पावली मागे. तापमान झपाट्याने चढलं किंवा बर्फावर पाऊस पडला, तरीही तेच.

फोंड्याचे_पाच
उतार किती अंशांचा हे नकाशावरून कळेल का? आणि खड्डा खणून चाचणी करतात ती शिकून जावं का?

नाळवाट
१:५०,००० च्या नकाशात २० मीटरच्या समोच्च रेषांमधली (समान उंचीच्या रेषांमधली) पाच अंतरं, म्हणजे १०० मीटरचा चढ, साडेतीन मिलिमीटरात मावत असतील तर उतार ३० अंश. त्याहून दाट असतील तर जास्त. लादी सुटते ती मुख्यतः ३० ते ४५ अंशांत. पण नकाशाला छोटे उंचवटे दिसत नाहीत, तिथे फोनचं कोनमापक बर्फावर टेकवलेल्या काठीवर ठेवून बघा. स्वतः सपाटीवर असलात तरी वरचा उतार मोजायचाच. नाळेच्या, म्हणजे दोन सोंडांमधल्या अरुंद घळीच्या, तोंडाशी तंबू नको. एरवी सह्याद्रीत नाळ ही आपली हक्काची वाट, इथे ती बंदुकीची नळी. झाडांच्या वरच्या अंगाच्या फांद्या सोललेल्या दिसल्या तर तिथून पूर्वी स्खलन गेलंय.

चाचणी: खड्ड्याच्या भिंतीत ३० बाय ३० सेंमीचा बर्फाचा खांब मोकळा करायचा, वर फावड्याचं पातं ठेवून मनगटातून १०, कोपरातून १०, खांद्यातून १० थापा. कितव्या थापेला, किती खोलीवर तुटलं ते लिहायचं. पहिल्या दहांत साफ सरकलं तर उत्तर मिळालं. तुटलं नाही म्हणून मात्र उतार सुरक्षित ठरत नाही, वीस पावलांवर थर वेगळा असतो.

सुर्ला_घाट
पातळी ३ बद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. कळंगुटच्या किनाऱ्यावरच्या बावट्यासारखं ते नाही. पायऱ्या सारख्या अंतराच्या नसतात, प्रत्येक पातळीला धोका आधीच्यापेक्षा कितीतरी पटीने वाढतो. उत्तर अमेरिकेच्या मापात ३ चा अर्थ: आपोआप स्खलन शक्य, माणसाच्या वजनाने होण्याची शक्यता दाट. ४-५ ला लोक घरी बसतात, ३ ला बाहेर पडतात, म्हणून बरेच बळी ३ लाच जातात. बर्फात हौसेने फिरणाऱ्यांच्या जीवघेण्या अपघातांत दहापैकी नऊ वेळा स्खलन स्वतः त्या माणसाने किंवा सोबत्याने सोडवलेलं असतं.

आपल्याकडची सूचना डीआरडीओची (संरक्षण संशोधन संस्थेची) चंदीगडची डीजीआरई देते; बर्फ-हिमस्खलनाचा अभ्यास करणारी जुनी 'सासे' तिच्यातच विलीन झाली. त्यात जिल्हा, अमुक मीटरच्या वर, पुढचे २४ तास, एवढंच असतं. तुमच्या नाळेचं त्यात काही नसतं, आणि रंग-शब्द परदेशी तक्त्याशी जुळतीलच असंही नाही, म्हणून त्यांचाच तक्ता बघा. माझं मत: नवख्या पाच जणांनी ३ ला ३० अंशांखालचं रान सोडू नये, गाईड काहीही म्हणो.

मळभ
सामानाचं राहिलं. ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाला शोधायचं अंगावरचं रेडिओ यंत्र) ४५७ किलोहर्ट्झचा, तीन अँटेनांचा, प्रत्येकाकडे एक. प्रोब (बर्फात खुपसून शोधायची घडीची काठी) किमान २४० सेंमी, फावडं धातूचं. प्लास्टिकचं फावडं गोठलेल्या ढिगाऱ्यात तुटतं. भाड्याने घेणार असाल तर दुकानातच पाचही सुरू करून एकमेकांना शोधून बघा. गाडलेला माणूस पहिल्या १०-१५ मिनिटांत काढला तरच आशा चांगली असते, तेवढ्या वेळात पोलीस येत नाहीत, सोबतीच येतो. फोन ट्रान्सीव्हरपासून २० सेंमी दूर, शोधताना ५०.

सेल साधे अल्कलाइन घाला, मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं नसेल तर. आणि परत फोंड्याला आल्यावर ते काढून ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात आतल्या पट्ट्या हिरव्या पडतात, आणि ते पुढच्या जानेवारीत डोंगरावर कळतं.

फोंड्याचे_पाच
देव बरें करूं. गाईडला आजच फोन करून तळाच्या थराचं विचारतो. फळी सुताराकडून ४० बाय ४० ची करून घेतो, चालेल ना?

नाळवाट
चालेल. पांढरा रंग द्या, नाहीतर उन्हाने तापून वरचा बर्फ वितळेल आणि माप कमी येईल. मोजून झालं की रोज झाडून पुन्हा बर्फाच्या पातळीला बसवा.