पुण्यात थेट घरापर्यंत फायबर : पर्याय कोणते आणि खर्च किती?

प्रश्न : धायरीकर

नमस्कार. आम्ही दिवाळीनंतर धायरीतील एका नव्या इमारतीत राहायला जात असून तेथे इंटरनेटची जोडणी कोणाची घ्यावी याबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे. मी पूर्णवेळ घरून काम करते आणि दिवसातील बराच वेळ व्हिडिओ मीटिंगमध्ये जातो. मुलगा ॲनिमेशन शिकत असल्याने त्याला रोज मोठमोठ्या फाइल अपलोड कराव्या लागतात. सध्या कर्वेनगरच्या भाड्याच्या घरात स्थानिक केबलवाल्याचे कनेक्शन आहे. डाउनलोडबद्दल तक्रार नाही, पण मुलाची फाइल जाऊ लागली की माझा आवाज तुटतो आणि समोरचे लोक "ताई, तुम्ही फ्रीझ झालात" असे सांगू लागतात.

नव्या इमारतीचे सेक्रेटरी "आपल्याकडे फायबर आहेच" असे म्हणतात. प्रत्यक्षात पार्किंगमध्ये मीटरच्या खोलीशेजारी पत्र्याची एक कुलूपबंद पेटी आहे, तिच्यात बाहेरून एक काळी केबल येते आणि पेटीतून निळ्या वायरी डक्टमधून वरच्या मजल्यांवर जातात. याला फायबर म्हणायचे का? मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकला की "सेवा उपलब्ध" असे उत्तर येते, मात्र फोन केल्यावर "माणूस येऊन पाहील" यापलीकडे कोणी काही सांगत नाही. खरोखर घरापर्यंत फायबर हवे असेल तर पर्याय कोणते आहेत आणि सगळे धरून महिन्याला किती खर्च येईल?

उत्तर १ : कोथरूडचा जोडारी

ताई, मी गेली अनेक वर्षे स्प्लायसिंगचेच, म्हणजे फायबरची टोके जोडण्याचेच काम करतो, त्यामुळे तुमच्या वर्णनावरूनच सांगतो की तुमच्या इमारतीत फायबर पार्किंगपर्यंत आले आहे, घरापर्यंत नाही. काळी केबल ही काचेची, म्हणजेच फायबरची. पेटीत तिच्यापुढे एक स्विच, म्हणजे एक लाइन अनेक घरांत वाटणारे यंत्र, बसवलेला असणार आणि निळ्या वायरी म्हणजे साध्या तांब्याच्या लॅन केबल. जाहिरातीत दोन्हीला "फायबर ब्रॉडबँड"च म्हणतात, आणि सेक्रेटरीही खोटे बोलत नाहीत.

फरक कोठे पडतो ते पाहा. लॅन केबलची मर्यादा शंभर मीटर असते आणि अशा पेट्यांत बहुधा १०० एमबीपीएसचे (सेकंदाला मेगाबिट, हे वेगाचे माप) स्वस्त स्विच असतात, त्यामुळे तुम्ही २०० चा प्लॅन घेतला तरी नळीच तेवढी जाड नसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पेटीतला स्विच पार्किंगमधल्या विजेवर चालतो. तुमच्या घरी इन्व्हर्टर असला तरी खाली वीज गेली की नेट गेले. ज्या इमारतींत पेटी गच्चीवर असते आणि वायरी एका इमारतीवरून दुसरीवर टाकलेल्या असतात, तेथे वळवाच्या पावसात वीज कडाडली की राउटरचे पोर्ट जळतात. काचेतून वीज वाहत नसल्याने हा धोका फायबरला नाही.

थेट घरापर्यंतच्या जोडणीत बाहेरच्या स्प्लिटरपासून (एका फायबरच्या अनेक शाखा करणारी डबी) दोऱ्याएवढी बारीक काच असलेली चपटी केबल सरळ तुमच्या भिंतीवरच्या ओएनटीत (फायबरमधला प्रकाश इंटरनेटच्या सिग्नलमध्ये बदलणारा डबा) येते आणि तिच्या टोकाला बहुतेक वेळा हिरवा कनेक्टर असतो. शेजाऱ्यांकडे जाऊन हा हिरवा कनेक्टर दिसतो का तेवढे पाहा. पिनकोडपेक्षा ही खूण भरवशाची. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीपॉन या फायबर वाटण्याच्या पद्धतीत एका धाग्यावरून सुमारे २.५ जीबीपीएस (१ जीबीपीएस म्हणजे १००० एमबीपीएस) खाली, म्हणजे डाउनलोडला, आणि १.२५ जीबीपीएस वर, म्हणजे अपलोडला, जाऊ शकतात आणि तो धागा साधारणपणे ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. सगळी घरे एकाच क्षणी पूर्ण वेग ओढत नाहीत, म्हणून हे गणित जमते.

जोडणीच्या दिवशी मुलाला जोडणाऱ्याच्या पॉवर मीटरवरचा (फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये मोजणारे यंत्र) आकडा बघायला सांगा. उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या दरम्यान असेल तर उत्तम. उणे २७ च्या पलीकडे गेला असेल तर कोठेतरी केबल काटकोनात वळवली आहे किंवा कनेक्टरवर धूळ आहे, आणि ते त्याच दिवशी दुरुस्त करून घ्यावे; नंतर तोच माणूस बोलावणे फार जड जाते.

उत्तर २ : सदाशिव पेठ

खर्चाचे सांगतो. पुण्यात जिओ, एअरटेल, बीएसएनएल आणि टाटा प्ले फायबर ही ठळक नावे आहेत. जिओने २०२० साली ३९९ रुपयांत ३० एमबीपीएस, ६९९ रुपयांत १००, ९९९ रुपयांत १५० आणि १४९९ रुपयांत ३०० अशी रचना आणली, आणि त्यात अपलोडचा वेग डाउनलोडइतकाच ठेवला. त्याच सुमारास एअरटेलने ४९९ ला ४०, ७९९ ला १०० आणि ९९९ ला २०० एमबीपीएस असे प्लॅन काढले, तर बीएसएनएलने ४४९ ला ३० एमबीपीएसचा. बाजारातील दर अजूनही याच पायऱ्यांभोवती फिरतात, म्हणून तुलनेसाठी हे आकडे हाताशी असू द्यावेत.

मात्र जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलेल्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो, हे विसरू नये. ६९९ चे प्रत्यक्षात ८२४ रुपये ८२ पैसे होतात आणि ९९९ चे ११७८ रुपये ८२ पैसे. इन्स्टॉलेशन "मोफत" असेल तर सहसा सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे आगाऊ भरावे लागतात. ६९९ चा प्लॅन सहा महिन्यांसाठी घेतल्यास करासह ४९४९ रुपये एकदम जातात. भाडेकरूने एवढे अडकवण्याआधी दहा वेळा विचार करावा, पण तुमचे घर स्वतःचे असेल तर हरकत नाही. ओटीटीची भरताड असलेला प्लॅन विक्रेता गळ्यात मारायला पाहतो, त्याला सरळ नकार द्यावा.

"अनलिमिटेड" या शब्दालाही महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते. त्याची धास्ती नको. एचडी व्हिडिओला तासाला ३ जीबी धरले तरी ती ११०० तास पुरते, आणि महिन्यात तासच ७२० असतात.

धायरीकर

दोघांचेही मनापासून आभार. शेजारच्या विंगमध्ये एका घरी हिरवा कनेक्टर दिसला, तेव्हा आशा आहे. एका विक्रेत्याने मात्र "फायबर ओढण्यापेक्षा एअरफायबर घ्या, दोन दिवसांत लावतो" असे सुचवले आहे. ते चालेल का?

उत्तर ३ : कोथरूडचा जोडारी

ताई, नावात फायबर असले तरी ते ५जी आहे. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर एक अँटेना बसवतात आणि ती जवळच्या टॉवरवरून सिग्नल घेते. जिओने ही सेवा १९ सप्टेंबर २०२३ रोजी ज्या आठ शहरांत सुरू केली त्यांत पुणे होते. तेव्हा ५९९ रुपयांत ३० एमबीपीएस आणि ८९९ रुपयांत १०० एमबीपीएस असे दर होते आणि महिन्याची मर्यादा १ टीबी (सुमारे १००० जीबी), म्हणजे फायबरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. जेथे केबल पोहोचतच नाही तेथे ही चांगली सोय आहे. पण टॉवरवर संध्याकाळी गर्दी झाली की वेग घसरतो आणि अपलोड डाउनलोडच्या मानाने बराच कमी मिळतो. तुमचे दुखणे अपलोडचेच आहे, म्हणून शेजारच्या विंगेत फायबर असताना मी याच्या वाटेला जाणार नाही.

उत्तर ४ : बिबवेवाडी

थोडी व्यवहाराची भर घालतो. शेजारच्या विंगेत ज्या कंपनीचे फायबर आहे तिच्याकडेच आधी अर्ज करा, कारण तिचा स्प्लिटर आवारात आलेला असल्याने खोदाईचा प्रश्न उरत नाही; पावसाळ्यात महापालिका रस्ते खोदू देत नाही आणि नवी लाइन मागणाऱ्याला तोवर ताटकळावे लागते. डक्टमधून केबल नेण्यासाठी सोसायटीचे पत्र लागेल, ते ताबा मिळतानाच मागून ठेवा. आमच्या सोसायटीत एका स्थानिक केबलवाल्याने "दुसऱ्या कोणाला डक्ट द्यायचा नाही" असे समितीच्या गळी उतरवले होते; पंधरा सदनिकाधारकांनी सह्यांचे निवेदन दिल्यावर ते बारगळले.

बीएसएनएलचा विचार करत असाल तर एक गोष्ट पाहावी. त्यांचे घरगुती फायबर बऱ्याच भागांत स्थानिक भागीदारांमार्फत दिले जाते, त्यामुळे तुमच्या भागातला भागीदार फोन उचलतो का, हे जुन्या ग्राहकांकडून कळेल.

आणि गुरुवारी महावितरण देखभालीसाठी वीज बंद ठेवते, हे धायरीत वेगळे सांगायला नको. ओएनटी बहुधा १२ व्होल्टवर चालतो. त्याच्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावला की मीटिंग तुटत नाही. विकत घेताना ओएनटीच्या ॲडॉप्टरवर किती अँपिअर लिहिले आहे ते पाहून जा, कारण दुकानात १ आणि २ अँपिअरचे दोन्ही प्रकार एकाच खोक्यात असतात.