घरचा १६ अँपिअरचा सॉकेट विजेच्या गाडीला पुरेल, की स्वतंत्र चार्जर बसवावा?

प्रश्न

नमस्कार. आमच्याकडे नुकतीच विजेवर चालणारी गाडी आली आहे. तिच्यासोबत मिळालेल्या चार्जरच्या एका टोकाला घरगुती १६ अँपिअरची पिन, मध्ये एक छोटी पेटी आणि दुसऱ्या टोकाला गाडीत बसणारी बंदूक आहे. गाडी जिथे उभी राहते तिथल्या भिंतीवर १६ अँपिअरचा सॉकेट पूर्वीपासून आहे, पण त्यावर आजवर ड्रिल मशीन किंवा पाण्याचा पंप एवढेच आणि तेही थोड्या वेळापुरते चालत असे. या सॉकेटवर गाडी रात्रभर लावली, तेव्हा सकाळी पिन हाताला चांगलीच गरम लागली. एमसीबी (जादा प्रवाह झाल्यास वीज तोडणारा स्विच) मात्र ट्रिप झाला नव्हता. वायरमनच्या मते एमसीबी ट्रिप होत नाही याचा अर्थ भार मर्यादेत आहे आणि काळजीचे कारण नाही. हे बरोबर आहे का? वीजमीटरपासून ही जागा सुमारे २० मीटर दूर आहे. तिथे निळा औद्योगिक सॉकेट बसवावा की भिंतीवरचा कायमस्वरूपी चार्जर घ्यावा, तार किती जाडीची असावी आणि आरसीसीबी (विजेची गळती झाल्यास पुरवठा तोडणारा स्विच) कोणत्या प्रकारचा लागतो, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

पहिले उत्तर

भार मर्यादेत आहे हे वायरमनचे म्हणणे खरे असेल, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष धोकादायक आहे. एमसीबी फक्त आपल्यातून वाहणारा प्रवाह पाहतो. सॉकेटमधल्या सैल पडलेल्या पट्टीपाशी किंवा नीट न आवळलेल्या स्क्रूपाशी किती उष्णता निर्माण होते आहे, हे त्याला कळण्याचा कोणताही मार्ग नसतो. जोडाचा रोध केवळ ०.१ ओहम झाला, तरी १६ अँपिअर प्रवाहाला त्या एका बिंदूवर सुमारे २५ वॉट उष्णता तयार होते. म्हणजे प्लॅस्टिकच्या बंद डबीत एक छोटे सोल्डरिंग आयर्न रात्रभर चालू ठेवल्यासारखेच झाले. प्रवाह पूर्णपणे नियमात असल्यामुळे एमसीबी शांत राहतो, आणि गळती नसल्यामुळे आरसीसीबीसुद्धा शांत राहतो.

पंप आणि गाडी यांत फरक आहे तो वेळेचा. पंप थोड्या वेळाने बंद होतो आणि जोड थंड होतो, तर गाडी मात्र तासन्‌तास एकसारखा प्रवाह ओढत राहते. उष्णतेमुळे सॉकेटमधल्या पट्ट्यांचा ताण कमी होतो, धातूवर ऑक्साइडचा थर चढतो, त्यामुळे रोध वाढतो आणि वाढलेल्या रोधामुळे उष्णता आणखी वाढते. हे चक्र एकदा सुरू झाले की आपोआप थांबत नाही.

तेव्हा नवी व्यवस्था होईपर्यंत हा सॉकेट वापरू नये हे उत्तम. वापरणे भागच असेल, तर आधी तो उघडून तपासून घ्यावा आणि चार्जरवरून किंवा गाडीच्या पडद्यावरून प्रवाह १० अँपिअरपर्यंत किंवा त्याहून खाली आणावा. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे १६ वरून १० वर आल्यास ती जवळपास ४० टक्क्यांवर येते. सॉकेटवर तपकिरी डाग, वितळल्याच्या खुणा किंवा जळका वास असेल, तर मात्र त्याला पुन्हा गाडी लावूच नये. तसे झाले असल्यास केवळ सॉकेट बदलून भागत नाही, कारण काळवंडलेली पिन नव्या सॉकेटलाही तशीच तापवते. एक्स्टेन्शन बोर्ड तर कोणत्याही परिस्थितीत वापरू नये, कारण त्यामुळे तापू शकणाऱ्या जोडांची संख्याच वाढते.

दुसरे उत्तर

निळा सॉकेट की भिंतीवरचा चार्जर, याचा विचार करण्याआधी रोज किती वीज भरायची आहे ते पाहावे. गाडी १०० किलोमीटरला १५ युनिट वीज घेते आणि रोजची धाव ४० किलोमीटर आहे असे धरले, तर बॅटरीत रोज ६ युनिट परत भरावी लागतात. २३० व्होल्टवर १० अँपिअर म्हणजे २.३ किलोवॉट, त्यामुळे चार्जिंगमधली घट धरूनही तीन ते साडेतीन तासांत काम होते. ३२ अँपिअरच्या चार्जरची ७.४ किलोवॉट क्षमता ही अनेकांसाठी सोय असते, गरज नव्हे. रोजची धाव मोठी असेल किंवा घरात दोन गाड्या असतील, तर गोष्ट वेगळी.

ज्याला आपण भिंतीवरचा चार्जर म्हणतो, तो एसी चार्जिंगच्या बाबतीत खरे तर एक हुशार स्विच असतो. एसीचे (घरी येणाऱ्या विजेचे) डीसी (बॅटरीला लागणारी वीज) करणारा चार्जर गाडीतच बसवलेला असतो. आयईसी ६१८५१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार भिंतीवरची पेटी १ किलोहर्ट्‌झच्या एका संकेताद्वारे गाडीला जास्तीत जास्त किती प्रवाह घेता येईल हे कळवते, आणि गाडीकडून तयारीचा प्रतिसाद मिळेपर्यंत बंदुकीच्या केबलमध्ये वीज सोडतच नाही. आपल्या चार्जरच्या मधली पेटीही हेच काम करते. मात्र तिची सगळी देखरेख पेटीपासून पुढे गाडीपर्यंतची असते. पेटीच्या अलीकडे सॉकेटमध्ये काय चालले आहे हे तिला सहसा कळत नाही. काही चांगल्या चार्जरच्या पिनेतच तापमान मोजणारा संवेदक असतो आणि पिन तापू लागली की तो प्रवाह कमी करतो. असा चार्जर मिळत असेल, तर तोच निवडावा असे मी आग्रहाने सांगेन.

आयईसी ६०३०९ प्रकारचा निळा औद्योगिक सॉकेट घरगुती सॉकेटपेक्षा कितीतरी भरवशाचा असतो. त्याच्या गोल पिना जाड असतात, पकड घट्ट असते आणि वर झाकण असते. परंतु ३२ अँपिअरच्या चार्जरला जोडणी बदलणारा अडॅप्टर लावून तो १६ अँपिअरच्या सॉकेटवर चालवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. अलीकडचा सॉकेट लहान आहे हे पेटीला समजत नाही आणि ती गाडीला ३२ अँपिअरचीच परवानगी देते. गाडी कायम त्याच जागी उभी राहणार असेल, तर माझा कौल भिंतीवरच्या चार्जरला आहे, कारण तिथे तारा थेट टर्मिनलमध्ये जातात आणि रोज काढघाल होऊन झिजणारा सॉकेटच मध्ये उरत नाही.

तिसरे उत्तर

आरसीसीबीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवा हे बहुतेकांना माहीत असते, पण त्याचा प्रकार कुणी विचारत नाही. एसी प्रकारचा आरसीसीबी गाडीसाठी योग्य नाही. गाडीतल्या चार्जरमध्ये बिघाड झाल्यास गळतीचा प्रवाह सपाट डीसी स्वरूपाचा असू शकतो. त्याने आरसीसीबीचा चुंबकीय गाभा संपृक्त होतो, आणि मग माणसाला खरोखर झटका बसत असतानाही तो ट्रिप होत नाही. ए प्रकार ६ मिलीअँपिअरपर्यंतची सपाट डीसी गळती असतानाही आपले काम करतो. त्याहून जास्त गळतीत मात्र त्याचीही खात्री नसते. त्यामुळे एकतर सपाट डीसी गळतीही ओळखणारा बी प्रकारचा आरसीसीबी घ्यावा, किंवा ६ मिलीअँपिअर डीसी ओळखून पुरवठा तोडणारी यंत्रणा चार्जरमध्येच असल्याची खात्री करून त्याच्या आधी ए प्रकार बसवावा. दुसरा पर्याय बहुधा स्वस्त पडतो. बी प्रकार घेतल्यास तो घराच्या मुख्य आरसीसीबीच्या पुढे जोडू नये, कारण डीसी गळती त्या मुख्य आरसीसीबीतूनही जाते आणि सगळ्या घराचे संरक्षण आंधळे होते. गाडीची लाइन त्याच्या अलीकडूनच वेगळी काढावी.

आरसीसीबी जादा भार ओळखत नाही, त्यामुळे एमसीबी वेगळा लागतोच. ३२ अँपिअरच्या चार्जरसाठी साधारणपणे ४० अँपिअरचा एमसीबी वापरतात. तार मात्र त्या एमसीबीला पेलणारी हवी. तांब्याची ६ चौरस मिलिमीटर तार २० मीटरवर ३२ अँपिअरला सुमारे ४.७ व्होल्ट, म्हणजे २ टक्के दाब गमावते आणि हे चालण्यासारखे आहे. परंतु ती इतर तारांसोबत एकाच पाइपातून किंवा उष्ण जागेतून जाणार असेल, तर तिची वहनक्षमता घटते आणि मग १० चौरस मिलिमीटर घेणे शहाणपणाचे ठरते. १६ अँपिअरच्या सॉकेटवर एमसीबी १६ पेक्षा मोठा लावू नये आणि गाडीचा प्रवाह १३ अँपिअरच्या आसपास ठेवावा. टर्मिनलचे स्क्रू अंदाजाने न आवळता उत्पादकाने दिलेल्या टॉर्कनेच आवळून घ्यावेत.

अर्थिंगबद्दल मात्र कोणतीही तडजोड नको. अर्थिंग नसेल तर चार्जर चूक दाखवून थांबतो, आणि त्यावर उपाय म्हणून काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. पुढे कधी मागची न्यूट्रल तुटली, तर गाडीचा संपूर्ण सांगाडा फेजच्या दाबावर येतो आणि दरवाज्याला हात लावणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. चार्जर चूक दाखवत असेल, तर ती गप्प करू नये. अर्थिंगचा रोध मोजून घ्यावा आणि दोष दूर करावा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. सॉकेट उघडून पाहिला असता एका टर्मिनलपाशी तारेचे आवरण कडक होऊन तपकिरी पडलेले आढळले, त्यामुळे त्याचा वापर थांबवला आहे. स्वतंत्र लाइन टाकून भिंतीवरचा चार्जर घेण्याचे ठरत आहे. एकच शंका उरते: घराचा मंजूर भार मर्यादित असल्यामुळे गिझर आणि गाडी एकाच वेळी चालू राहिल्यास मुख्य एमसीबी ट्रिप होईल का?

दुसरे उत्तर देणारे सदस्य

३२ अँपिअरवर होण्याची शक्यता आहे. यासाठी भार सांभाळण्याची सोय असलेला चार्जर निवडावा. मीटरनंतरच्या मुख्य तारेभोवती प्रवाह मोजणारी एक कडी बसवतात. घराचा वापर वाढला की चार्जर गाडीचा प्रवाह खाली आणतो आणि गिझर बंद झाला की पुन्हा वाढवतो. वर सांगितलेल्या आयईसी ६१८५१ मानकात सर्वांत कमी प्रवाह ६ अँपिअर असल्यामुळे, तेवढीही जागा उरली नाही तर चार्जिंग काही काळ थांबते. ही सोय नको असेल, तर चार्जरची कमाल मर्यादा बसवतानाच १६ अँपिअरवर कायम करून घ्यावी. तार मात्र ६ चौरस मिलिमीटरचीच टाकावी, म्हणजे पुढे मंजूर भार वाढला तरी भिंत पुन्हा फोडावी लागणार नाही.