एन.१ च्या प्राथमिक चाचणीत पावडर पेटली, आता थेट ४.१ लिहायचं का?

कोरडी_पावडर

नमस्कार. मी रेग्युलेटरीत काम करते, लॅबमध्ये नाही. प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

आमचं एक ऑरगॅनिक इंटरमीडिएट आहे. पांढरट स्फटिक, वितळणबिंदू साधारण ७८ अंश सेल्सिअस. जीएचएसप्रमाणे (रसायनांच्या धोक्यांची जागतिक वर्गीकरण पद्धत) वर्गीकरण करायचंय आणि माल जहाजानं जाणार आहे. बाहेरच्या लॅबला यूएन मॅन्युअलमधली एन.१ चाचणी (घन पदार्थ किती वेगानं जळतो ते बघणारी) करायला सांगितलं होतं. त्यांनी प्राथमिक भाग केला आणि कळवलं की ज्योत २०० मिमी अंतर ९५ सेकंदांत पार करून गेली, आता पूर्ण चाचणी लागेल, मंजुरी द्या.

इथे दोन तट पडलेत. साहेब म्हणतात, पेटलं ना, मग ४.१ (वाहतुकीतला ज्वलनशील घनाचा वर्ग) लिहा आणि मोकळ्या व्हा, आणखी खर्च कशाला? प्रॉडक्शनवाले म्हणतात, मर्यादा ४५ सेकंदांची आहे, आपल्याला ९५ लागले, म्हणजे आपण सुटलो.

आणखी एक भानगड. लॅबला गेलेलं सँपल दळण्याआधीचं होतं. ग्राहकाला जातो तो मायक्रोनाइज्ड, म्हणजे अगदी बारीक दळलेला माल. याने काही बिघडतं का? आणि एसडीएसच्या (सुरक्षा माहिती पत्रकाच्या) ९ व्या विभागात नक्की काय लिहायचं?

धूरकट_हूड

दोन्ही तट चुकताहेत, पण प्रॉडक्शनवाल्यांची चूक जास्त महागात पडेल.

४५ सेकंदांची मर्यादा आहे ती १०० मिमीसाठी. तुमचे ९५ सेकंद आहेत २०० मिमीचे. म्हणजे सरासरी सेकंदाला २.१ मिमी. वर्गीकरणाची रेषा सेकंदाला २.२ मिमीच्या वर आहे. तुम्ही सुटला नाहीत, उंबरठ्यावर उभ्या आहात. त्यातही प्राथमिक चाचणीत घड्याळ बर्नर लावल्यापासून चालू असेल, तर टोकाला आग धरायला लागलेला वेळही त्या ९५ मध्येच आला. खरी चाल त्याहून जलद असू शकते. घड्याळ कधी सुरू केलं ते लॅबला विचारा, ते सांगतील.

पण हा आकडा फार कुरवाळू नका. प्राथमिक चाचणीत पावडरची २५० मिमी लांब, २० रुंद, १० उंच अशी पट्टी हातानंच घालतात. एका टोकाला किमान १००० अंशांची ज्योत जास्तीत जास्त दोन मिनिटं धरायची आणि बघायचं, त्या दोन मिनिटांत आग २०० मिमी पुढे सरकते का. धातूच्या पावडरींना ज्योत पाच मिनिटं आणि मुदत वीस मिनिटं. ज्वाळा दिसलीच पाहिजे असं नाही, नुसतं धुमसत गेलं तरी धरतात. नाही सरकली तर विषय तिथेच संपला, ४.१ नाही. सरकली तर पुढे जा. एवढंच तिचं काम. वर्ग ठरवायचा अधिकार तिला नाही.

पूर्ण चाचणीत ढीग साच्यातून पाडतात. २५० मिमी लांबीचा त्रिकोणी खाचेचा साचा, आत उंची १० आणि रुंदी २०. पावडर सैलसर भरायची, मग साचा २० मिमी उंचीवरून टणक पृष्ठभागावर तीनदा आपटायचा. पावडर बसली की वर न जळणारी, उष्णता फारशी वाहून न नेणारी फरशी ठेवून अख्खं उलटं करायचं आणि साचा अलगद उचलायचा. नीट उतरला तर मागे छपराच्या आकाराचा सरळ कणा उभा राहतो. इथे नवख्यांचे हात थरथरतात. कणा मध्येच ढासळला की तो ढीग बाद, पुन्हा भरा. बारीक, चिकट पावडर साच्याला धरून बसते आणि कण्याला भेग पडते. भेगेपाशी आग अडखळते आणि आकडा फुकटचा चांगला येतो. म्हणून पेटवण्याआधीचा ढिगाचा फोटो मागत जा. चांगली लॅब कुरकुर न करता देते.

ढीग फ्युम हूडमध्ये (धूर ओढून घेणाऱ्या कपाटात) हवेच्या झोताला आडवा ठेवायचा. झोत धूर बाहेर येणार नाही इतपत, आणि चाचणी संपेपर्यंत बदलायचा नाही. लागला तर आडोसा करता येतो. एका टोकाला पेटवायचं, पहिले ८० मिमी जळू द्यायचे, ते मोजायचे नाहीत. पुढच्या १०० मिमीला किती वेळ लागतो तो तुमचा आकडा. फरशी दर वेळी स्वच्छ आणि थंड हवी. सहा वेळा करायचं, आधीच पॉझिटिव्ह निकाल आला तर तेवढ्यावर थांबता येतं. एका जरी वेळेस ४५ सेकंदांच्या आत गेलं तरी ४.१. सरासरी काढून सुटका होत नाही.

आता साहेबांची चूक. नुसतं ४.१ लिहून भागत नाही, पॅकिंग ग्रुप (धोक्याच्या तीव्रतेचा गट, दोन हा तीनपेक्षा कडक) दोन की तीन ते हवं, आणि ते ठरतं ओल्या पट्ट्यावर. मोजायच्या १०० मिमीच्या पुढे ३० ते ४० मिमीवर ढिगात १ मिली द्रावण थेंबाथेंबानं मुरवतात. म्हणजे पेटवलेल्या टोकापासून साधारण २१० ते २२० मिमीवर. ढिगाचा पूर्ण छेद भिजला पाहिजे आणि थेंब बाजूनं ओघळता कामा नये. आग तिथे निदान चार मिनिटं अडली तर जीएचएस कॅटेगरी २, ग्रुप तीन. न अडता पार झाली तर कॅटेगरी १, ग्रुप दोन. एच२२८ ('ज्वलनशील घन' हे धोकाविधान) दोन्हीकडे आहे, पण लेबलवरचा शब्द 'इशारा' की 'धोका' हे याच पट्ट्यावर ठरतं.

तुमच्यासारख्या ऑरगॅनिक पावडरींचं घोडं इथेच अडतं. पाणी आत जातच नाही, कण्यावरून मण्यांसारखं घरंगळून खाली येतं. मग पाण्यात वेटिंग एजंट (पाणी मुरायला मदत करणारं रसायन) घालावा लागतो, पण त्यात जळणारा द्रावक नको आणि सक्रिय भाग एकूण १ टक्क्याच्या वर नको. माथ्यावर ३ मिमी खोल, ५ मिमी व्यासाचा खळगा करून त्यात द्रावण सोडायलाही परवानगी आहे. रिपोर्टमध्ये 'वेटेड झोन: फेल' (ओल्या पट्ट्यानं आग अडली नाही) एवढंच लिहून आलं तर विचारा की द्रावण खरंच मुरलं होतं का. न मुरलेल्या पाण्यावरून आग गेली म्हणून आयुष्यभर ग्रुप दोनची खोकी वापरणारे लोक मी पाहिलेत. धातूच्या पावडरींना हा पट्टा नाही, तिथे पूर्ण लांबी पाच मिनिटांत गेली तर ग्रुप दोन, पाच ते दहात गेली तर तीन.

सँपलचं म्हणाल तर हो, बिघडतं. चाचणी रेणूची नसते, तुम्ही विकता त्या रूपाची असते. तोच रेणू जाड स्फटिकात सुस्त असतो आणि दळला की धावतो, कारण पृष्ठभाग वाढतो. तुमचा स्फटिक २.१ वर रेंगाळत असेल तर मायक्रोनाइज्ड माल कुठे जाईल याचा अंदाज तुम्हीच करा. मायक्रोनाइज्डच पाठवा. स्फटिकही वेगळा विकत असाल तर दोन्ही पाठवा, आणि दोघांचा निकाल वेगळा आला तर दोन वेगळी वर्गीकरणं करा.

अजून एक. ७८ अंशांना वितळतंय म्हणजे ढीग जळताना डबकं होणार. आग वितळलेल्यावरून पुढे गेली की कोरड्यातून, हे निरीक्षण रिपोर्टमध्ये लिहायला सांगा. कुणी शंका काढली तर तेच कामाला येतं.

डीजी_डेस्क

वाहतुकीच्या बाजूनं थोडं.

नाव यादीत नसेल तर बहुधा यूएन क्रमांक १३२५ मध्ये बसवावं लागेल, ज्वलनशील घन, ऑरगॅनिक, एन.ओ.एस., पुढे कंसात तांत्रिक नाव. मर्यादित प्रमाणाची सवलत ग्रुप दोनला आतल्या डब्याला १ किलो, ग्रुप तीनला ५ किलो. नमुने छोट्या डब्यांतून पाठवत असाल तर हा फरक रोज जाणवतो. साहेबांना चाचणीच्या खर्चापेक्षा हे सांगा, लवकर पटेल.

रूप महत्त्वाचं, याला नियमातच पुरावा आहे. गंधक यूएन १३५०, ४.१, ग्रुप तीन. पण एडीआरच्या (युरोपातल्या रस्ते वाहतुकीच्या नियमांच्या) विशेष तरतूद २४२ नुसार तोच गंधक प्रिल, दाणे, गोळ्या किंवा फ्लेक अशा ठराविक आकारात घडवलेला असेल तर त्याला एडीआर लागूच होत नाही.

कोरडी_पावडर

खूपच उलगडलं. '२०० मिमी की १००' हा प्रश्न इथे कुणाच्या डोक्यातच आला नव्हता.

अजून दोन शंका. आमचा माल ड्रायरमधून निघतो तेव्हा त्यात थोडं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) राहतं, स्पेसिफिकेशनमध्ये तेवढी सूट आहे. सँपल पूर्ण वाळवून पाठवावं का, म्हणजे निकाल चांगला येईल? आणि लॅबनं कोटेशनमध्ये 'ए.१०' असंही एका ठिकाणी लिहिलंय, ते हेच का?

धूरकट_हूड

वाळवून पाठवू नका. जे पोत्यात भरता तेच पाठवा, स्पेसिफिकेशनच्या वरच्या टोकाजवळची बॅच मिळाली तर उत्तम. आयपीए थोडं असलं तरी पेटवताना मदत करतं, आणि ग्राहकाच्या गोदामातही करणार. वाळवलेल्या सँपलचा निकाल वाळवलेल्या मालालाच लागू, आणि तो माल तुम्ही विकतच नाही. ओला केक म्हणून वेगळा पाठवत असाल तर ते प्रकरण निराळं. ज्वलनशील द्रव मुरलेल्या घनांना यूएन ३१७५ आहे.

ए.१० म्हणजे युरोपच्या ४४०/२००८ नियमावलीतली जुनी पद्धत. ढीग तसाच, ४५ सेकंद तेच, पण प्राथमिक मुदत दोनऐवजी चार मिनिटं आणि ओला पट्टा नाहीच. त्यावरून कॅटेगरी १ की २ निघत नाही, म्हणजे ग्रुपही निघत नाही. कोटेशनमध्ये एन.१ असं स्पष्ट लिहून घ्या. ग्राहक युरोपात असेल तर एवढंही बघा: सीएलपीच्या (युरोपच्या वर्गीकरण-लेबलिंग नियमाच्या) कलम ८(५) प्रमाणे १ जानेवारी २०१४ पासून भौतिक धोक्यांच्या नव्या चाचण्या मान्य गुणवत्ता व्यवस्थेत किंवा तशा मानकानं चालणाऱ्या लॅबमध्ये व्हायला हव्यात. आयएसओ १७०२५ (लॅबच्या गुणवत्तेचं मानक) असलं तरी या चाचणीचं नाव त्यांच्या स्कोपमध्ये आहे का, ते वाचा. भिंतीवरच्या सर्टिफिकेटवर जाऊ नका.

रेणूत नायट्रो, अ‍ॅझो, पेरॉक्साइड असलं काही आहे का? असेल तर आधी डीएससी (तापवताना किती उष्णता सुटते ते मोजणारी चाचणी). विघटनाची उष्णता ग्रॅमला ३०० जूलच्या खाली असेल तर सेल्फ-रिअ‍ॅक्टिव्हची (आपोआप विघटन पावण्याची) भीती सहसा उरत नाही. वर असेल तर लॅबला आधी सांगा. साच्यात साधारण २५ मिली पावडर मावते, आणि हूडमध्ये तेवढा ढीग पेटवणाऱ्या माणसाला आपण काय पेटवतोय हे माहीत असावं.

९ व्या विभागात ज्वलनशीलतेच्या ओळीत पेटतं की नाही ते, पद्धत, १०० मिमीचा वेळ आणि सँपलचं रूप लिहा. 'लागू नाही' लिहू नका, घनाला तो मुद्दा लागू असतोच.

फिल्टर_बॅग

इतकी चर्चा झाली पण धुळीचं कुणी बोललं नाही. एन.१ फरशीवर पडलेल्या ढिगाची आहे, हवेत उडालेल्या धुळीची नाही. मायक्रोनायझर आणि बॅगहाऊसमध्ये (धूळ गाळणाऱ्या यंत्रणेत) ढीग नसतो, ढग असतो. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात ७ फेब्रुवारी २००८ ला साखर कारखान्यात धुळीचा स्फोट होऊन १४ जण गेले. साखरेच्या पोत्यावर ४.१ चं लेबल कुणी पाहिलंय? एन.१ मध्ये सुटलात तरी २० लिटर गोलातल्या (बंद गोलात धुळीचा ढग पेटवून बघायच्या) चाचण्या आणि किमान प्रज्वलन ऊर्जा वेगळी करून घ्या. सँपल पाठवतच आहात तर तेवढी जास्त पावडर त्याच बॅचची द्या.

कोरडी_पावडर

मंजुरी आजच पाठवते. मायक्रोनाइज्ड माल, आयपीएसकट, पद्धत एन.१ असं लिहून. धुळीच्या चाचण्यांचं कोटेशनही मागवते. सँपल किती द्यावं?

धूरकट_हूड

पावडर किती हलकी आहे त्यावर आहे. लिटरला अर्धा किलो धरली तर एका ढिगाला १२-१३ ग्रॅम, सहा वेळा म्हणजे ७५ च्या आसपास, वर प्राथमिक आणि ढासळलेले ढीग. एन.१ साठी पाव किलो पुरेल. धुळीच्या चाचण्यांना त्याहून बरंच जास्त लागतं, ते लॅबलाच विचारा. डबा घट्ट झाकणाचा द्या, नाहीतर आयपीए वाटेतच उडून जाईल. आणि कणांच्या आकाराचा रिपोर्ट त्याच बॅचचा जोडा. पुढे कधी मिल बदलली तर जुना निकाल अजून चालतो का, हे तो कागद असल्याशिवाय ठरवता येणार नाही.