फोन आणि गाडीची जोडणी: कॉलचा आवाज गाडीत येत नाही, कृपया मार्गदर्शन करावे

फ्लॅट ३०२:
सर्वांना नमस्कार. गेल्या पंधरा दिवसांपासून आमच्या गाडीत ब्लूटूथवर माझ्या फोनवरची गाणी व्यवस्थित लागतात, परंतु कॉल आला की आवाज गाडीच्या स्पीकरऐवजी फोनमधूनच येतो. केबल लावून अँड्रॉइड ऑटोवर (फोनमधला नकाशा वगैरे गाडीच्या पडद्यावर दाखवणारी सोय) नकाशा आणू पाहिला, तर फोन फक्त चार्ज होत राहतो. गाडी चालवताना फोन हातात घ्यावा लागू नये, एवढ्यासाठीच ही सोय करून घेतली होती, त्यामुळे काळजी वाटते. कोणाला अनुभव असल्यास कृपया सांगावे.

फ्लॅट १०४:
फोन फॅक्टरी रीसेट करून पाहा.

फ्लॅट ५०१:
काकू, कृपया फॅक्टरी रीसेट इतक्यात करू नका. त्यात फोनमधले सगळे जाईल आणि दोष गाडीच्या बाजूला असला तर तो तसाच राहील. तुमच्या संदेशात दोन स्वतंत्र तक्रारी आहेत, त्या वेगवेगळ्या तपासाव्या लागतील.

आधी कॉलचे पाहू. ब्लूटूथ हे नाव एक असले तरी त्यात कॉलसाठी एचएफपी आणि गाण्यांसाठी ए-टू-डीपी अशी निरनिराळी प्रोफाइल, म्हणजे ठरावीक कामाच्या ठरावीक पद्धती, असतात, आणि त्यातले एक चालू व दुसरे बंद असू शकते. गाणी लागतात याचा अर्थ रेडिओ, अँटेना, स्पीकर हे सारे ठीक आहे. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये गाडीच्या नावाशेजारच्या चिन्हावर दाबल्यावर ‘फोन कॉल’ आणि ‘मीडिया ऑडिओ’ असे दोन पर्याय दिसतील. ते दोन्ही चालू आहेत का ते पाहा. त्यानंतर गाडीच्या पडद्यावर जोडलेल्या फोनची यादी उघडा. बऱ्याच गाड्यांमध्ये तिथे प्रत्येक फोनपुढे कॉलचे आणि गाण्यांचे अशी दोन वेगळी चिन्हे असतात. घरातला दुसरा एखादा फोन त्या गाडीला जोडला आहे का?

केबलच्या बाबतीत माझा पहिला संशय केबलवरच आहे. साध्या यूएसबी केबलमध्ये विजेच्या दोन आणि माहितीच्या दोन तारा असतात; केवळ चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलमध्ये माहितीच्या तारा नसतात, त्यामुळे फोन चार्ज होत असला तरी गाडीला तो फोन आहे हे कळतच नाही. फोनसोबत आलेली मूळ केबल लावून पाहा. गाडीत एकापेक्षा जास्त पोर्ट असतील, तर पडद्याशी जोडलेला पोर्ट बहुधा एकच असतो, बाकीचे नुसते चार्जिंगचे. फोनच्या पोर्टमध्ये खिशातला कापसासारखा कचरा साठला असेल, तर फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा; धातूची पिन घालू नका.

हे सर्व गाडी उभी करूनच करावे, ही कळकळीची विनंती.

फ्लॅट २०३:
दादा, आमच्याकडे बिनतारी अँड्रॉइड ऑटो मध्येच तुटते. त्यालाही हेच उपाय लागू होतात का?

फ्लॅट ५०१:
अंशतः. बिनतारी जोडणीत ब्लूटूथ सुरुवातीला ओळख पटवून देते, पडद्यावरचे चित्र पुढे वाय-फायवरून जाते. त्यामुळे फोनचे वाय-फाय चालू ठेवा, व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) असल्यास ते बंद करून पाहा आणि अँड्रॉइड ऑटोला बॅटरी बचतीतून वगळा. तरीही तुटत असेल तर केबल लावून तपासा. केबलवर सुरळीत चालले, तर दोष बिनतारी दुव्यातच आहे असे समजावे.

फ्लॅट ३०२:
मनापासून आभार. फोनमधले दोन्ही पर्याय चालूच होते. परंतु गाडीच्या यादीत मुलाचा फोन निघाला. तो पंधरा दिवसांपूर्वी सुट्टीवर आला आणि त्याने आपला फोन जोडला, तेव्हापासून कॉलचे चिन्ह त्याच्या फोनपुढे आणि माझ्यापुढे फक्त गाण्यांचे आहे. मी माझ्यापुढचे चिन्ह दाबले, तर आता माझा फोन जोडलाच जात नाही.

फ्लॅट ५०१:
तर गाडीच्या यादीतून तुमच्या फोनचे नाव पुसा आणि फोनमधूनही गाडीचे नाव पुसा. दोन्हीकडून पुसणे महत्त्वाचे आहे, कारण पहिल्या जोडणीच्या वेळी दोघांमध्ये एक गुप्त किल्ली ठरते आणि ती दोन्हीकडे साठवली जाते. एकाच बाजूची पुसली तर दुसरी बाजू जुनी किल्ली घेऊन बसते व ओळख पटत नाही. मग नव्याने जोडा, दोन्हीकडे दिसणारा आकडा सारखा आहे का ते पाहा आणि फोनने संपर्कांची परवानगी मागितली तर द्या, नाहीतर कॉल येईल पण नावाऐवजी नुसता नंबर दिसेल.

फ्लॅट ३०२:
दोन्हीकडून पुसून पुन्हा जोडले; आता कॉल गाडीच्या स्पीकरवर येतो, नावही दिसते. मूळ केबल लावल्यावर नकाशाही आला.

फ्लॅट १०४:
माझा सल्ला घाईचा होता, हे मान्य करतो. आम्ही जुनी गाडी विकणार आहोत. तिच्यातूनही फोनचे नाव पुसावे लागेल का?

फ्लॅट ५०१:
होय काका, अवश्य पुसा. फोनवरून घेतलेले संपर्क आणि कॉलची यादी काही गाड्या स्वतःकडे साठवून ठेवतात. गाडीची किल्ली नव्या मालकाच्या हाती देण्यापूर्वी गाडीतल्या पडद्याचा मात्र फॅक्टरी रीसेट करा.