क्लेअरमधल्या जुन्या कॉन्सर्टिना वादकांच्या ट्यून्स कशा जपायच्या?

सूरवेडी:
नमस्कार मंडळी, मी आयर्लंडमधे पश्चिम क्लेअरला राहते आणि इथेच कॉन्सर्टिना (दोन्ही हातांत धरून वाजवायचं भात्याचं छोटं वाद्य) शिकतेय, तीस बटणांची सी/जी अँग्लो, म्हणजे मुख्य दोन ओळी सी आणि जी सुरांच्या. गावात एक आजोबा आहेत, नव्वदीच्या घरातले, आईकडून घरीच शिकलेले, स्टेजवर कधी गेले नाहीत. त्यांच्याकडे असे जिग आणि रील (नाचाच्या ट्यून्स) आहेत जे मी इथल्या कुठल्याच सेशनमधे, म्हणजे एकत्र बसून वाजवायच्या बैठकीत, ऐकले नाहीत, आणि जे ओळखीचे आहेत तेही ते भलतेच वेगळे वाजवतात. घरात एका खोक्यात ८०च्या दशकातल्या कॅसेट्सही पडल्यात. ते वाजवायला आनंदाने तयार आहेत पण थोड्या वेळातच हात दमतात. मला स्टाफ नोटेशन (पाच रेघांची पाश्चात्य स्वरलिपी) येतं म्हणून सगळं लिहून काढायचा विचार आहे, तेवढं पुरेल का?

भाता:
नाही पुरणार. लिही जरूर, पण आधी व्हिडिओ घे, दोन्ही हात नीट दिसतील असा. इथे नवीन असणाऱ्यांसाठी सांगतो, पेटीत भाता कसाही हलवला तरी पट्टीचा सूर तोच राहतो, अँग्लोत मात्र एकच बटण दाबताना एक सूर देतं आणि ओढताना दुसरा. सी/जीच्या मधल्या ओळीत दाबताना सी, ई, जी मिळतात आणि डी, एफ, ए, बी ओढताना. म्हणजे भाता कुठे उलटतो त्यावर वाक्य कुठे तुटतं, श्वास कुठे येतो हे सगळं ठरतं, आणि हे कागदावर येतच नाही. बरेच जुने लोक एकाच ओळीवर वाजवायचे, हल्ली शिकवतात ते ओळी बदलत बदलत वाजवणं. सूर तेच लागतील पण वाजवण्याचा ढंग पार बदलेल.

अजून एक, पूर्वी घरोघरी स्वस्त जर्मन कॉन्सर्टिना असायच्या, दोन ओळी आणि वीस बटणं. सी/जी असेल तर त्यात सी शार्प नाहीच! त्यामुळे आजची सेशनमधली डीमधली (डी हा 'सा' धरलेली, जिला सी शार्प लागतो) ट्यून तिथे जी किंवा सीमधे सापडते. ती 'दुरुस्त' करून डीमधे लिहू नकोस प्लीज, आजोबा ज्या सुरात वाजवतात त्याच सुरात राहू दे.

खर्जातला:
कॅसेट्सना आधी हात घाल. वरच्या कडेला दोन छोटे प्लास्टिकचे कान असतात ते मोडून टाक म्हणजे चुकून वरून रेकॉर्ड होणार नाही. चांगला कॅसेट डेक मिळव, त्याचं हेड (टेप वाचणारा भाग) साफ कर, आणि वाजवून बघू म्हणून चार वेळा फिरवू नकोस, पहिल्याच फेरीत २४ बिट डब्ल्यूएव्हीमधे (आवाज न दाबता साठवणारी फाइल) उतरव. एमपी३ नंतर केव्हाही बनवता येते. गप्पा, खोकला, कपबशांचे आवाज काहीही कापू नकोस, कारण ही ट्यून कुणाकडून आली हे बहुतेक वेळा दोन ट्यून्सच्या मधेच कुणीतरी बोलून गेलेलं असतं.

क्लेअरमधल्या किलरशच्या कॉन्सर्टिना वादक एलिझाबेथ क्रॉटी १९६० साली गेल्या. त्यांचं वाजवणं आज ऐकायला मिळतं त्यामागे मोठा वाटा ५०च्या दशकात रेडिओ एरन या आयरिश रेडिओसाठी क्लेअरमधे फिरून रेकॉर्डिंग करणाऱ्या कीरन मॅक महूना यांचा आहे. त्याच काळात किती जणी स्वयंपाकघरात वाजवत असतील ज्यांच्यापर्यंत ते रेकॉर्डिंग पोचलंच नाही, हा विचार आला की मला खरंच वाईट वाटतं. डब्लिनला मेरियन स्क्वेअरमधे आयरिश ट्रॅडिशनल म्युझिक आर्काइव्ह आहे, १९८७ पासून पारंपरिक संगीत जपण्याचं हेच काम करतात, त्यांना लिही.

रीलची_राणी:
आर्काइव्ह हवंच, पण फाइल कपाटात गेली म्हणजे ट्यून वाचली असं मला नाही वाटत. क्लेअरच्याच वादक किटी हेज यांनी लग्नानंतर कित्येक दशकं कॉन्सर्टिना बाजूला ठेवली होती, म्हातारपणी परत हातात घेतली आणि मग ते वाजवणं तरुण वादकांपर्यंत पोचलं. ट्यून हातातून हातात जाते. तेव्हा आजोबांसमोर बस, एक जिग घे आणि ते 'हां, असंच' म्हणेपर्यंत तीच वाजव. आणि त्यांच्या वयाचं कुणी सेट डान्स (जोड्यांनी करायचा इथला नाच) करणारं असेल तर एकदा बोलवच, पायांसाठी वाजवताना त्यांची लय कशी बसते ते बघ. माइक लावून खुर्चीत बसवलं की तो ठेका हरवतो, माणूस उगाच जपून वाजवायला लागतो.

सूरवेडी:
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, व्हिडिओचं डोक्यातच नव्हतं. एक अडचण मात्र आहे, निम्म्या ट्यून्सना त्यांच्याकडे नावच नाही, विचारलं की 'आईची ती' एवढंच म्हणतात. आणि नातेवाइकांपैकी एकाला हे ऑनलाइन गेलेलं आवडणार नाही असं दिसतंय.

खर्जातला:
मग 'आईची' हेच नाव लिही, सोबत आईचं गाव आणि ती कुणाकडून शिकली तेही. पुस्तकात जुळणारी ट्यून सापडली तर ते नाव खाली वेगळं टाक, वरचं पुसू नकोस. परवानगीचं म्हणशील तर आजोबांनाच विचार, रेकॉर्डिंग चालू असतानाच, काय कुठे ठेवलेलं चालेल आणि काय नाही, मग तेच कागदावर घेऊन सही घे. कॅसेटवर इतर कुणी वाजवत असेल तर त्यांनाही किंवा त्यांच्या घरच्यांना विचारायला लागेल. ऑनलाइन नको म्हणाले तर नको, आर्काइव्हशी बोलताना ही अट आधीच सांग. सगळ्याची एक कॉपी त्यांच्या घरी दे, नातवंडांच्या हातात. आणि या आठवड्यात अर्धा तास जरी मिळाला तरी जा, नोटेशन नंतर निवांत होईल.